दोन मुठी मीठ

—नाही, ते भांडं खाली ठेवा. पाणी उकळून तपासायची गरजच नाही. थर्मामीटर शंभराला शंभरच दाखवणार, मला ठाऊक आहे. मग दुरुस्तीला बोलावलं कशाला? सांगते—पण ढवळता ढवळता, ही कढई सोडून हलता येत नाही. साखरेचा पाक काही पाण्यासारखा शंभरावर थांबत नाही. पाणी उडतं, पाक दाटतो, तसा उकळायचा अंश चढत जातो—एकशेदहा, एकशेवीस—दीडशेला उतरवला की गोळी कडक. कुणी शिकवलं? कुणी नाही. चाळीस वर्षं थेंब गार पाण्यात टाकून बोटांनी ओळखलं मी. आणि सून आली ही काचेची नळी घेऊन. आई, आता तुम्ही बसा, म्हणाली. बसा! मी काय रिकामं पोतं, कोपऱ्यात टाकायला? मुलगा म्हणाला, आधी नळी खरी का खोटी बघू. सगळ्यांसमोर पाणी उकळलं—नळी म्हणते एकशेदोन. गोळ्या गुंडाळणाऱ्या बायका फिदीफिदी हसल्या. सून मान खाली घालून त्यांच्यात गुंडाळायला बसली ती आठ महिने तिथंच आहे. माझ्याशी शब्द नाही. खोट? नळीत कसली खोट! लिटरभर पाण्यात दोन मुठी मीठ पडलं तर तेही शंभराच्या वर जाऊनच उकळणार—कुणी टाकलं म्हणून काय विचारता, भांडं शेगडीवर ठेवणारी मीच होते ना.

आणि आता बोटांना काही कळेनासं झालंय. साखरेत जन्म गेला, साखरच रक्तात उतरली, दुसरं काय. थेंब चिमटीत धरते, मान डोलावते, आणि फडक्याआडून बघते—त्याच नळीत. पाय सुजून खांब झालेत. पण बसू कशी? म्हातारीच्या बोटांवाचून गोळी होत नाही, हे मीच पटवून बसलेय. तुम्ही एवढंच म्हणा—नळी बिघडली होती, मी नीट केली. तिला कढई मिळेल, मला खुर्ची.

काय? चांगल्या वस्तूला बिघडलेली म्हणवत नाही? वा. मीच सांगू तिला? तिच्या डोळ्याला डोळा देऊन? या पाकात हात घालीन एक वेळ, पण ते—नाही. उचला पिशवी. बाहेर ती विचारेल, नळीचं काय झालं म्हणून. खोटं बोलवत नाही ना तुम्हाला? मग काहीच बोलू नका. निघा.