व्हर्नाच्या शेजारच्या सीटवरून

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या व्हॅनसेवेच्या संयोजक श्रीमती लॉरेन हेगन, व्यासपीठावर बसलेले पाद्री लुंडसाहेब, जिच्यासाठी आपण कामधाम सोडून या सभागृहात जमलो ती व्हर्ना टोलेफसन, आणि माझ्या माजी सैनिक बंधुभगिनींनो,

मी ड्वाइट केसल. व्हिएतनाममध्ये तोफखान्यात होतो, नंतर चाळीस वर्षं तुमचे ट्रॅक्टर दुरुस्त केले. माझा आवाज असा घोगरा का, हे बहुतेकांना ठाऊक आहे. घशाचा कॅन्सर. मागे बसलेल्यांना ऐकू आलं नाही तर हात वर करा, मी थांबेन. घाई कुणाला आहे? केक अजून कापलेला नाही.

आपल्या गावापासून बिलिंग्जचं माजी सैनिकांचं रुग्णालय एकशे साठ मैल. औषधांच्या गुंगीत मला गाडी चालवता येत नव्हती आणि घरी दुसरं कुणी नाही. तेव्हा दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी सहाला व्हर्नाची व्हॅन दारात यायची. पगार नाही, भत्ता नाही. नवरा, आपला आर्लो, गेल्यापासून अकरा वर्षं ती हे करत होती. परतताना मला उलट्या व्हायच्या, म्हणून तिने आइस्क्रीमची रिकामी बादली सीटखाली ठेवलेली असे. पहिल्यांदा मी ओशाळून माफी मागितली, तर म्हणाली, "केसल, मी चार पोरं वाढवली आणि वासरं किती ते मोजलं नाही. तू त्यांच्यापेक्षा नीटनेटका आहेस."

पाचव्या खेपेला मी हरलो होतो. उपचार नकोत असं ठरवून रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून राहिलो. व्हर्नाला म्हणालो, तूच आत जाऊन सांग. तिने माझी समजूत घातली नाही. एवढंच म्हणाली, "व्हॅन तीनला निघेल. तुझा निरोप तू दे. तुझ्या वतीने मी हार मानणार नाही." नर्सला सांगायला म्हणून मी उठून आत गेलो. तिने बाही वर करायला सांगितली आणि मी ती केली. आज तुमच्यापुढे उभा आहे, तो त्यामुळे.

आता जे सांगायचं आहे ते सोपं नाही. अध्यक्ष महोदया, तुम्हाला यातलं थोडं माहीत आहे.

गेल्या सप्टेंबरात आम्ही परत येत होतो. रस्त्याचं काम चालू होतं आणि एक बाई थांबण्याची पाटी धरून उभी होती. व्हर्नाने वेग कमी केला नाही. मी ओरडलो तेव्हा तिने ब्रेक दाबला. ती बाई उडी मारून खड्ड्यात उतरली, म्हणून वाचली. व्हर्नाने व्हॅन कडेला घेतली. मग म्हणाली, "ऊन डोळ्यांवर आलं."

ऊन आमच्या पाठीमागे होतं.

मी तिला म्हणालो, लॉरेनला तू स्वतः सांग. तिने विचारलं, "आणि तुझ्या तीन खेपा उरल्यात, त्या कोण करणार?" दुसरा चालक नव्हताच. मी आठवडाभर वाट पाहिली. ती बोलली नाही. आठव्या दिवशी मीच लॉरेनला फोन केला. जिने मला जगवलं तिच्या हातून मी किल्ली काढून घेतली. होय, तो फोन माझा होता. आजवर उघडपणे बोललो नव्हतो.

व्हॅन तीन आठवडे उभी राहिली. माझी एक खेप चुकली. किराणा दुकानात व्हर्ना दिसली की तोंड फिरवायची. पण मित्रहो, तुमच्यातले चौघे पुढे आले आणि त्यांनी चालक म्हणून नावं दिली. पहिल्या मंगळवारी नवी चालक पेगी माझ्या दारात आली, तर शेजारच्या सीटवर व्हर्ना. कुणाला कुठल्या पायरीवर हात द्यायचा, कुणाशी लढाईचा विषय काढायचा नाही, हे सगळं ती पेगीला शिकवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बरोबर केलंस. हे मी पुन्हा म्हणणार नाही." तिने चौघांनाही असंच तयार केलं. माझ्या उरलेल्या खेपा पार पडल्या. डॉक्टर म्हणतात, घसा स्वच्छ आहे आणि आता गाडी चालवायला हरकत नाही.

व्हर्ना, तुझ्या मुलीचा मला सिअॅटलहून फोन आला होता. रागावू नकोस. तुझ्या डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. गेलेली नजर परत येणार नाही, पण दर महिन्याला बिलिंग्जला जाऊन इंजेक्शन घेतलं तर उरलेली टिकेल. तू दोन तारखा चुकवल्यास. का? तर व्हॅन फक्त सैनिकांसाठी आहे आणि तुला कुणाला त्रास द्यायचा नाही. अकरा वर्षांत आम्ही तुला त्रास दिला असं तुला कधी वाटलं का? पुढची तारीख गुरुवारची आहे. माझा ट्रक सैनिक आणि बिनसैनिक दोघांनाही चालतो. मी सकाळी सहाला येईन. पुढच्या महिन्यांसाठी पेगीने यादी केली आहे, सतरा नावं झाली. तू फक्त हो म्हण. मी थांबतो.

तिने होकाराची मान हलवली. सगळ्यांनी पाहिलं ना? अध्यक्ष महोदया, इतिवृत्तात लिहून घ्या.

व्हर्ना, या सभागृहातल्या प्रत्येकाच्या वतीने तुझे आभार. बोलण्याच्या ओघात तुझी खाजगी गोष्ट चारचौघांत मांडली, त्याबद्दल आणि या घोगऱ्या आवाजाबद्दल आपण सर्वांनी मला सांभाळून घ्यावं. उरलेलं तू मला गुरुवारी सुनाव. एकशे साठ मैल आहेत.