प्रलयाच्या होमातलं बियाणं

मंडळी, एक विचारतो. साधूवर संशय घेणं पाप की पुण्य? खांबाला टेकलेले आजोबा मान हलवतायत. होय म्हणतायत की डुलकी लागलीय, देव जाणे!

ऐका तर! सावरखेड्याच्या पारावर एक जटाधारी बाबा येऊन बसला आणि ओरडला, "प्रलय! आठव्या दिवशी प्रलय!" झालं! गावाची पाचावर धारण बसली.

आता प्रलय म्हणजे काय हो? 'ली' हा संस्कृत धातू. अर्थ — मिसळणं, विरघळणं. त्याचा झाला लय, पुढं 'प्र' लागला — पुरतं विरघळणं! मिठाचा खडा पाण्यात दिसेनासा होतो, पण जातो कुठं? पाण्यातच ना! पुराणं सांगतात, जग तसं मुळात मिसळतं आणि तिथूनच पुन्हा उभं राहतं. बाबानं हे पुढचं सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर घाबरलं कोण असतं?

वर म्हणतो, "घराघरातलं बियाणं आणा! होमात जाळतो, प्रलय टळेल!"

पेरणी महिन्यावर आलेली! येसाबाईनं एकेक कणीस पारखून जोंधळ्याचं बी राखलेलं. ते गेलं तर पेरायचं काय, वर्षभर खायचं काय? पण तिचा नवरा रखमाजी मडकं डोक्यावर घेऊन निघालासुद्धा!

"अहो, थांबा!" येसाबाई मागं धावली. देवळामागं बघते तर काय — बाबाचे दोन चेले गावाच्या बियाण्याला राख चोळतायत!

शेतकरी मंडळी हसली बघा! सांगा, बियाण्याला राख कशाला लावतात? कीड लागू नये, पेरणीपर्यंत टिकावं म्हणून!

तिनं आरडाओरडा केला तसा बाबा धावत आला, मागोमाग अख्खा गाव. "बाबा, हे काय?"

"माते, ती विभूती आहे! पवित्र!"

येसाबाईनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. मूठभर कडुलिंबाचा पाला बाहेर काढला.

"आणि ही काय बेलाची पानं? आठ दिवसांत जाळायच्या बियाण्याला किडीची एवढी काळजी?"

गावानं आपापली पोती उचलली. वळून बघतात तो बाबा ओढ्यापलीकडं!

रखमाजी म्हणतो, "मला आधीच शंका आली होती."

"हो ना! म्हणून तर मडकं घेऊन सगळ्यांच्या पुढं होतात!"

हसा, मंडळी, हसा! पण परवा मोबाईलवर आलं — जग बुडणार, अकरा जणांना पाठवा. कुणी कुणी पाठवलं? खाली बघू नका. मीपण पाठवलं! बारा जणांना, एखादा कमी पडायला नको म्हणून! लाज वाटते सांगायला.

भगवंतावर भाव ठेवा, अगदी डोळे मिटून ठेवा. पण त्याच्या नावानं भीती घालून कुणी काही मागायला लागला, तर डोळे उघडा आणि आधी त्याची झोळी उलटी करा. या व्यासपीठापासून सुरुवात केलीत तरी चालेल!