चार किलो कमी

बोईसरला डोक्याच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. समोर वजनकाट्यापाशी मायलेकी बोलत होत्या.

"समिधा, चार किलो उतरले बाय! उमरोळी स्टेशनपर्यंत चालतेस, त्याचा गुण आला."

"हां, आई."

"गोळ्यांनी किती फुगली होतीस. आता जुने ड्रेस होतील तुला."

"तो पण तेच बोलला."

"कोण?"

"चालताना सोबत असतो तो."

"तू तर एकटीच जातेस. समिधा, गोळ्या घेतेस ना?"

"तो बोलला, गोळ्या सोड, बारीक होशील. झाले ना?"

"कदीपासून सोडल्यास?"

"महिना झाला."

"आता कुठं हाय तो?"

"त्या बाईंच्या बाजूला बसलाय."

माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती. मी मान वळवली नाही.

"चल, डॉक्टरांना सगळं सांगू. वजन वाढलं तर ते गोळी बदलून देतील. आपल्या मनानं सोडायची नाय."

"गोळी घेतली की तो येत नाय. मग सोबत कोण चालणार?"

"मी चालेन, रोज."

"थांब, त्याला विचारते."

आई थांबली नाही. तिनं लेकीचा हात घट्ट धरला आणि नंबर नसतानाही डॉक्टरांचं दार ढकललं.