श्री. वरीलप्रमाणे यांची नेमणूक

एका ओळीत बसवा म्हणे! अहो, माणसं साधी रांगेत सरळ उभी राहत नाहीत, आणि हे निघाले गोगलगायीला एका ओळीत बसवायला! शपथेवर सांगतो, यात एक अक्षर खोटं नाही. मी तिथे हजर होतो, सगळं या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे... हजर म्हणजे शेजारच्या खोलीत होतो, आणि डोळ्यांवर तेव्हा चष्मा नव्हता, पण कान तर होते ना! आणि एक अक्षर खोटं नाही असं म्हणालो, ते अक्षराबद्दल. एखादं वाक्य असेल इकडचं तिकडे. ते सोडा.

मी कामाला कुठे, तर गोगलगायींचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत. हसू नका. कुणीतरी करायलाच हवा. मी अभ्यास करत नाही, मी तिथले संगणक सांभाळतो. अभ्यास करतात त्या बाई. तळमजल्यावर शेवटची खोली, भिंतीला ओल, खिडकीला हिरवा पडदा, आणि ओळीने काचेच्या पेट्या. पेटीत कोबीची पानं, आणि पानावर... काही नाही. निदान मला तरी कधी काही दिसलं नाही. बाईंना दिसतं. उभा जन्म त्यांनी त्या पेट्यांसमोर काढला. आता त्या इतक्या सावकाश बोलतात की सकाळी त्यांना नमस्कार केला तर उत्तर मला जिना चढून वर गेल्यावर ऐकू येतं. गोगलगाय नि पोटात पाय म्हणतात ना, तर त्या पायांवरच बाईंचा मोठा निबंध आहे.

तर झालं काय, मुख्य कचेरीतून साहेबांचा फोन. आम्ही त्यांना तक्तेसाहेब म्हणतो, कारण त्यांना तक्त्याशिवाय दुसरं काही वाचता येत नाही. एकदा त्यांना साधं पत्र पाठवलं, तर म्हणाले, यात रकाने कुठे आहेत? ते तक्तेसाहेब म्हणाले, "हे बघा, खोल्या कमी पडतायत. ज्या खात्यात काम चालू आहे ते राहील, बाकीच्यांनी खोली खाली करायची. मला प्रत्येक खात्याच्या मेटाडेटाचा तक्ता पाठवा. एक नोंद, एक ओळ. जास्त नको. एका ओळीत बसवा!"

मेटाडेटा म्हणजे काय, तर माहितीची माहिती. गोगलगायीचा शंख केवढा, ही माहिती. तो कुणी मोजला, कशाने मोजला, मोजताना दिवा कुठला होता, गोगलगाय जागी होती की झोपलेली, ही माहितीची माहिती. शास्त्रात याला फार मान. आणि बाईंनी ती ठेवली होती कशी, तर डब्यात डबा, डब्यात डबा. खोलीच्या आत पेटी, पेटीच्या आत कप्पा, कप्प्याच्या आत गोगलगाय, गोगलगायीच्या आत शंख, शंखाच्या आत वळणं, आणि प्रत्येक वळणाच्या आत बाईंचा एक शेरा. "आज शिंगं बाहेर काढली नाहीत. रुसली असावी." शास्त्रीय शेरा!

मी खाली जाऊन बाईंना सांगितलं. बाईंनी आधी पेटीतलं एक वाळलेलं पान बदललं. मला वाटलं, ऐकलंच नाही. मग म्हणाल्या, "तक्ता हवा तसा करा. पण पेट्या हलवायला लावू नका हो. जागा बदलली की त्या शंखात शिरतात, आणि काहीजणी परत बाहेरच येत नाहीत." बस. एवढंच.

घरी येऊन बसलो कोड लिहायला. कशात, तर पायथॉन नावाच्या संगणकाच्या भाषेत. अजगराचा विनोद कुणाला करायचा असेल तर आत्ताच करून घ्या, मी थांबतो... झाला? चला पुढे. तर या डब्यांच्या आत शिरायचं म्हणजे असा एक कोडचा तुकडा लिहावा लागतो, जो डबा उघडतो, आत दुसरा डबा दिसला की स्वतःलाच हाक मारतो, "अरे, हाही उघड!" मग तो आतला पुन्हा स्वतःला हाक मारतो... आमची आत्या अशीच गोष्ट सांगते. सुरू करते शेजारणीच्या दुखऱ्या दातापासून, दातावरून दाताच्या डॉक्टरवर, डॉक्टरवरून त्याच्या सासूवर, सासूवरून सासूच्या मांजरीवर... पण आत्या परत येते हो! अर्ध्या तासाने का होईना, दातावर येऊन थांबते. माझा कोड आत गेला तो गेलाच. संगणकाचा पंखा असा घरघरायला लागला की बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "काय चाललंय तिकडे?" मी सांगायला लागलो, हे बघ, डब्यात डबा असतो, तर वरच्या डब्यातून... ती म्हणाली, "एका ओळीत सांगा. जेवायला येताय की नाही?" म्हणजे घरीसुद्धा तेच!

शेवटी जमलं. पण रकान्यांची नावं बघा काय झाली. डब्याचा पत्ता म्हणजेच रकान्याचं नाव. त्यामुळे पहिल्याच रकान्यावर आलं, 'खोलीच्या पेटीच्या कप्प्याच्या गोगलगायीच्या शंखाच्या वळणाची लांबी'. नमुना म्हणून साहेबांना पाठवला. लगेच फोन. "एका रकान्यात इतके च्या? आमच्याकडे दिवसाला दोनच मिळतात, तेही बिनसाखरेचे!" विनोद केला त्यांनी. मी हसलो. हसावं लागतं. मग म्हणाले, "आणि सगळ्या ओळी निरीक्षकाच्या नावाप्रमाणे अकारविल्हे लावा. म्हणजे कुणी किती काम केलं ते दिसेल." लावल्या. एक बटण दाबलं, साडेचारशे ओळी खडखडत जागेवर जाऊन बसल्या. तक्ता असा देखणा की फ्रेम करून लावावा. दिला पाठवून.

तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन, आणि आवाजात मध!

"अभिनंदन! अहो, तुमच्याकडे असं रत्न आहे आणि आम्हाला पत्ता नाही?"

म्हटलं, बाईंचं ऐकलं देवाने. "हो साहेब, बाई म्हणजे..."

"बाई? बाईंच्या नावावर एक ओळ आहे. एक! इतकी वर्षं पगार घेऊन एक ओळ! नाही, मी म्हणतोय ते वरीलप्रमाणे."

"कोण?"

"वरीलप्रमाणे! साडेचारशे नोंदी आहेत माणसाच्या. रविवारी काम, सुट्टीत काम... काय निष्ठा! आडनाव पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, पण आडनावं काय, काहीही असतात."

माझ्या कानातून वाफ गेली. काय झालं होतं लक्षात आलं का? बाईंचा स्वभाव असा की एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगायचं नाही. सगळ्यात वरच्या डब्यावर त्यांनी निरीक्षक म्हणून स्वतःचं नाव घातलं, आणि खालच्या प्रत्येक नोंदीत निरीक्षक कोण, तर वरीलप्रमाणे. डब्यात असेतोवर बरोबरच होतं! वर कोण, तर बाई. पण मी डबे फोडून ओळी केल्या, ओळी अकारविल्हे लावल्या... आता वर कोण?

म्हटलं, "साहेब, तो माणूस नाही. वरीलप्रमाणे म्हणजे वर जे नाव असेल ते. जरा वरची ओळ बघा."

"बघतो. वरीलप्रमाणे."

"त्याच्या वर?"

"वरीलप्रमाणे."

"अजून वर जा साहेब, अगदी वर."

बराच वेळ नुसता माऊसच्या चाकाचा आवाज. मग म्हणाले, "पोचलो. माळी."

माळी! ब नंतर म येतो ना! बाई एकदा तापाने घरी होत्या, तेव्हा आमच्या माळ्याने पेट्यांत पाला टाकला होता आणि इमानाने तशी एक नोंद केली होती. तो बसला बाई आणि वरीलप्रमाणे यांच्या मधोमध. साहेब म्हणाले, "म्हणजे हे सगळं संशोधन माळ्याने केलं म्हणता?" म्हटलं, नाही साहेब. "मग वरीलप्रमाणे यांनीच केलं. उगाच कुणाचं श्रेय मारू नका. त्यांना मी खातेप्रमुख करतोय. आणि बाईंनी महिनाअखेर खोली सोडावी."

आता या माणसाला काय सांगायचं? बरं, हे सगळं माळ्याच्या कानावर गेलं, तो दोन दिवस रोपांना पाणीच घालेना. म्हणे, "आधी माझं संशोधन कुठवर आलंय ते सांगा."

मी पुन्हा संगणकासमोर. पायथॉनला म्हटलं, बाबा रे, आधी वरचं नाव खालच्या प्रत्येक नोंदीत उतरव, आणि मगच ओळींची काय ती उलथापालथ कर. दोन ओळींची दुरुस्ती! एवढ्याशा कामासाठी माझ्या झोपेचं खोबरं झालं होतं. नवा तक्ता स्वच्छ निघाला. बाई, बाई, बाई, बाई, खालपर्यंत बाई. मध्ये एक माळी. पाठवला, आणि सुस्कारा सोडला.

फोन. या वेळी मध नाही.

"वरीलप्रमाणे कुठे आहेत?"

"साहेब, ते मुळात नव्हतेच..."

"परवापर्यंत होते! माझ्याकडे तक्ता आहे! आणि आज साडेचारशे ओळी बाईंच्या नावावर? एका रात्रीत? अहो, माणसाने जन्मभर राबावं आणि तुम्ही त्याला पुसून टाकावं? चौकशी होईल!"

झाली चौकशी. तीन जणांची समिती आली. एक तक्तेसाहेब, एक नुसती मान डोलावणारे, आणि एक लिहून घेणारे. बसले बाईंच्या खोलीत, पेट्यांना पाठ करून. बाई समोर स्टुलावर, हातात कोबीचं पान. मी दारात. हो, शेजारच्या खोलीच्या दारात.

साहेबांनी घसा साफ केला. "बाई, वरीलप्रमाणे यांना तुम्ही ओळखता?"

बाईंनी विचार केला. तेवढ्यात मागच्या पेटीत एक गोगलगाय पानाच्या या टोकाकडून त्या टोकाला गेली असेल. "ओळखते."

"कसे?"

"माझ्या हाताखाली होते."

"तुमची वागणूक कशी होती त्यांच्याशी?"

"खरं सांगू? मी त्यांना फार वापरलं."

"लिहून घ्या! कबुली आहे! कधी आभार मानलेत?"

"गरज वाटली नाही."

मान डोलावणाऱ्यांची मान अशी डोलली की निखळून पडेल. मी दारातून हातवारे करतोय, बाई, नाही म्हणा, तो शब्द आहे म्हणा, शब्द! पण बाई खोटं बोलत नाहीत, आणि विचारल्यापेक्षा जास्तही बोलत नाहीत.

"आता कुठे आहेत ते?"

बाईंनी सावकाश हात वर केला... आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "यांनी काढून टाकलं."

तिघांच्या तीन माना माझ्याकडे. साहेबांचा आवाज उतरला. "कसं?"

"दोन ओळींत," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"दोन कशाला?" साहेबांच्या तोंडून सवयीने गेलं. "एका ओळीत..." आणि त्यांचे तेच दचकले.

तेव्हा बाईंनी कोबीचं पान पेटीत ठेवलं, आणि उठून साहेबांच्या समोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, एक विचारू? वरीलप्रमाणे परत आले तर त्यांना बसायला खोली लागेल ना?"

"अर्थात."

"कुठली?"

"हीच. त्यांचं काम इथे आहे."

"मग ही खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका. त्यांच्या पेट्याही हलवू नका. आल्यावर काय म्हणतील?"

साहेब विचारात पडले. तक्त्याबाहेरचा विचार होता, वेळ लागला. मग निकाल झाला. खातेप्रमुख, श्री. वरीलप्रमाणे. ते परत येईपर्यंत पेट्यांची देखभाल बाईंकडे. खोली त्यांच्या नावाने राखून. आता दारावर पितळी पाटी आहे, बाई रोज सकाळी ती पुसतात, आत जातात, दार लावून घेतात. मी म्हटलं, "बाई, तुमचं काम, आणि पाटी त्याची? वाईट नाही वाटत?" उत्तर मला जिन्यात ऐकू आलं. "आजवर इतके साहेब पाहिले. न येणारा हा पहिलाच."

त्यांचं झालं बरं. माझं काय? दर महिन्याला वरीलप्रमाणे यांच्या रजेचा अर्ज मला भरावा लागतो. कारण द्यावं लागतं. आजवर तीन वेळा त्यांचे काका वारले.

आता तुम्ही असे बघताय म्हणून सांगतो, यातलं खोटं कुठलं ते. समिती तीन जणांची नव्हती. नियमाने तीन हवेत, पण साहेब एकटेच आले होते. मान त्यांनीच डोलावली आणि लिहूनही त्यांनीच घेतलं. हजेरीच्या कागदावर पहिल्या ओळीत झोकात सही केली, आणि खाली दोन ओळी मोकळ्या दिसल्या तेव्हा जरा इकडेतिकडे बघून दोन्हींत लिहिलं... वरीलप्रमाणे.