गिरदावर साहेबांच्या शेवया

शेवया वळता वळता आठवलं बायांनो, म्हनून सांगते. आमच्या मालकांना पाहुणा आणायची लई हौस. एकदा दिवेलागणीला पिकं तपासायला आलेल्या निजाम सरकारच्या गिरदावर साहेबांनाच घरी घेऊन आले. घरात कालचं वांग्याचं भरीत अन् डब्यातल्या शेवया, बस्स.

"शिळं वाढलं म्हनून कळलं, तर घाटनांदुरात तोंड दाखवता येनार न्हाई," मालक कुजबुजले.

"मग तुमीच रांधा," मी म्हनलं.

शेवटी मीच शेवया उकडल्या, पातेल्यात मधी मधी भरिताचे थर दिले, वर साय घातली अन् झाकणावर इंगळ ठेवले. खरपूस वास सुटला. साहेबांनी पातेलं पुसून खाल्लं. "पाटील, काय चीज हाय!"

मालक छाती फुगवून म्हनले, "पाहुण्याला सगळं ताजं करून घालतो आमी."

पुढच्या दौऱ्याला साहेबांनी तेच मागितलं. मालकांनी मळ्यातनं वांगी तोडून आणली, मी तसंच रांधलं. साहेबांनी दोन घास घेतले अन् थांबले. "ती चव न्हाई, पाटील."

मालक तणतणत चुलीपाशी आले. "कावून बिघडवलंस?"

मी कशाला ऐकून घेऊ? ओसरीवर साहेबांना ऐकू जाईल असं दाराआडून मोठ्यानं म्हनलं, "त्या दिवशी भरीत कालचं होतं. रातभर मुरल्याबिगर गोडी येत न्हाई!"

मालकांनी डोळेच मिटले.

साहेबांनी ताट बाजूला सारलं. "मग हे झाकून ठेवा अन् बाज टाका, पाटील. मी उद्या जेवतो."