हँडल चार बोटं वर

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ताई, तू होय! थांब, तोंडातल्या टाचण्या काढते… हं, बोल आता.

…टेम्पो? आज?… नको, नको, टेम्पो नको पाठवूस! सायकल द्यायची नाहीये मला.

हो, मीच म्हणाले होते घेऊन जा म्हणून… हो, रडलेही होते. रडू नको तर काय करू? बोटांना सारख्या मुंग्या, सुईत दोरा ओवता येईना. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा नाहीतर शिवण सोडा. शिवण सोडून खाऊ काय? आणि सायकल सोडली तर गिऱ्हाइकांचे कपडे पोचवणार कोण, तू?… तेच म्हणते मी.

पण ऐक ना… ताई, मध्ये मध्ये बोलू नकोस गं. बोटं बरी आहेत माझी. सायकल चालवूनही बरी आहेत!… औषध कसलं डोंबलाचं? सून.

सून म्हणजे सून, माझी सून… नाही गं, विकायला काढली नव्हती तिनं! तू पण ना… हो, हो, मीच म्हणाले होते. मला काय ठाऊक? सकाळी बघते तर जिन्याखाली सायकल नाही. विचारलं तर म्हणे, “आई, संध्याकाळी सांगते.” डोक्यात सणकच गेली. म्हटलं, झालं, हिला मला घरात बसवायचंय. तशीच तुला फोन केला, की ही विकायच्या आत तूच घेऊन जा.

आणि संध्याकाळी बाई सायकल घेऊन हजर. हँडल चार बोटं वर!… मोडलं नाही गं, मुद्दाम वर घेतलंय. मी पुढे वाकून चालवायचे ना, सगळा भार तळव्यांवर यायचा. आता पाठ ताठ, आणि भार बुडावर… हसतेस काय? बूड त्याचसाठी दिलंय देवानं.

अगं, आधी माप घेतलं होतं तिनं माझं. माझ्याच टेपनं! खांद्यापासून मनगटापर्यंत. मी म्हटलं, कोट शिवतेस की काय मला?… तेच तर! जन्मभर दुसऱ्यांना मापाचं शिवून दिलं. बाही अर्धं बोट लांब झाली तरी उसवते मी. आणि सायकल? दुकानातून आली तशी चालवत बसले. तीही उसवून आपल्या मापाची करता येते, हे डोक्यातच आलं नाही.

…पहिल्या दिवशी? फजिती! सरळ रस्त्याला राणीसारखी गेले. कोपऱ्यावर वळले आणि ब्रेक आपोआप लागला… नाही, पडले नाही, दूधवाल्याच्या अंगावर टेकले. हँडल वर गेलं, पण ब्रेकची वायर तेवढीच राहिली. घेर वाढवला आणि नाडी तीच ठेवली तर काय होईल, तसं. सूनबाईचा चेहरा पांढराफटक! जेवण टाकून धावली दुकानात, लांब वायर घालून आणली.

…हॅलो? ऐकतेय गं… थँक यू?… नाही म्हणाले… अगं तोंडातून निघेना! म्हणायला गेले आणि विचारलं काय, तर “जेवलीस का?”… ओरडू नकोस. कळतं मला. फार उपकार मानते गं तिचे, मनापासून मानते. दोरा ओवला की रोज तिची आठवण येते.

पण पुढचं ऐक ना. परवा अशी ताठ पाठीनं घरात शिरले, तर ही ओट्याशी. कांदा चिरत होती, कमरेत पार वाकून. ओटा बांधला कुणी? मी. कुणाच्या मापाचा? माझ्या. मी ही एवढीशी, आणि ती केवढी उंच! लग्न होऊन आल्यापासून वाकतेय पोर. रात्री कंबर शेकत बसायची, तर मी म्हणायचे, हल्लीच्या मुलींत ताकदच नाही… हो, म्हणायचे. लाज वाटते आता.

मग काय, माप घेतलं तिचं. कोपरापासून जमिनीपर्यंत. म्हणते, “आई, हा कुठला ड्रेस?” म्हटलं, गप उभी राहा.

…माहेरी गेलीय, परवा येईल. तोवर ओटा वर घेऊन होतो, गवंड्यानं सांगितलंय. चांगला वीतभर… मी? मी पाट घेईन पायाखाली. तिनं काय पाय कापून घ्यायचे?… असू दे गं खर्च.

…बेल वाजली बघ. थांबा हो, आले, आले!… ताई, गवंडी आलाय, ठेवते… काय?… आता तरी म्हणेन का?

बघते. नाहीच निघालं तोंडातून, तर म्हणेन, चहा टाक गं जरा. ओट्याशी उभी राहील ना… कळेल तिला.

ठेवते.