अकेले की केळी

आमच्या नानांचं सांगतो. नाना म्हणजे माझे थोरले काका, फैजपूरचे केळीवाले शेतकरी. सिनेमाच्या गाण्यांना ते 'थेरं' म्हणायचे, त्यामुळे जळगावच्या हॉटेलात त्यांनी एकच रेकॉर्ड तिसऱ्यांदा लावायला सांगितली तेव्हा मी चाटच पडलो.

"नाना, तुम्हाला हे गाणं आवडतं?"

डोळे पुसत ते म्हणाले, "का नाही आवडणार? या बाईला आपलं दुःख समजलं रे. ऐक!"

रेकॉर्डवरची बाई गात होती, "साजन गए, रहे हम अकेले."

"रहे हमरे केले!" नाना म्हणाले. "लढाईपायी वॅगनी मिळेनात, आपली केळी स्टेशनावरच सडली ना? तेच गाते ती."

मला हसू आवरेना. "केले नाही हो नाना, अकेले! तिचं माणूस निघून गेलं, ती एकटी राहिली."

नानांनी हातातला कप खाली ठेवला. काकू भांडून माहेरी नशिराबादला गेली त्याला दोन महिने झाले होते, आणि घरात तिचं नाव काढायची कुणाची टाप नव्हती. चहा तसाच टाकून ते उठले.

"चल. नशिराबाद वाटेवरच आहे."

काकू दारातच उभी राहिली. "कामून आले?"

नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "घरात करमत नाही."

काकू आत गेली ती थेट ट्रंक घेऊनच बाहेर आली. म्हणाली, "एवढं बोलायला दोन महिने लागले?"